एल्कसाठी नवी रायफल निवडताना

रॉकी पर्वतातल्या एल्कसाठी, म्हणजे सांबराच्या कुळातल्या थोराड हरणासाठी, नवी रायफल घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न हमखास येतो: कॅलिबर (नळीच्या आतला व्यास) कुठलं? आमच्या मते हा प्रश्न तिसरा आहे. कायद्यानं काय चालतं हा पहिला, आणि आपण किती अंतरावरून गोळी झाडणार हा दुसरा. या दोहोंची उत्तरं हातात असली की काडतुसांची यादी आपोआप चार-पाच नावांवर येते. मग खरा वेळ द्यायचा तो रायफल अंगाला बसते की नाही हे पाहण्यात. जखमी होऊन दाट झाडीत निघून गेलेला एल्क बहुतेक वेळा काडतूस कमी ताकदीचं होतं म्हणून सुटलेला नसतो. धक्क्याच्या धास्तीनं खेचलेला चाप, स्कोपचा सैल झालेला स्क्रू, उधार घेतल्यासारखी खांद्यावर अवघडलेली रायफल, ही खरी कारणं असतात. जनावराला यातना होऊ नयेत असं वाटत असेल तर पैसे आणि लक्ष दोन्ही इथंच घालायला हवेत.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. त्यामुळे हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्या, रीतसर परवाना काढून डोंगरात जाणाऱ्या मंडळींसाठी आहे. उदाहरण म्हणून कोलोरॅडो घेतलं आहे, कारण अमेरिकेतले सर्वाधिक एल्क याच राज्यात आहेत.

आधी कायदा आणि कागद

कोलोरॅडोत मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी सेंटरफायर रायफल, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका देणारी, लागते. कॅलिबर किमान .२४ इंच, म्हणजे ६ मिलिमीटर, आणि नळी किमान १६ इंच. गोळी आदळल्यावर फुलणारी हवी. तिचं वजन हरणासाठी किमान ७० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम), एल्क आणि मूससाठी किमान ८५ ग्रेन. शिवाय कारखान्यानं दिलेल्या आकड्यांनुसार १०० यार्डांवर तिची ऊर्जा किमान १,००० फूट-पाउंड भरली पाहिजे. रायफल सेमी-ऑटोमॅटिक असेल तर चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) आणि मॅगझिन मिळून सहाच काडतुसं. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. अंगावर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग हवा आणि डोक्यावरही त्याच रंगाचं काहीतरी हवं. शेजारच्या राज्यांत आकडे बदलतात, म्हणून जिथं जाणार तिथली त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचूनच खरेदीला निघा.

हे आकडे किमान आहेत, शिफारस नव्हे. .२४३ विंचेस्टर कागदावर या चौकटीत बसतं. पण साधारण ३२० किलोच्या नर एल्कसाठी, आणि तेही नवख्याच्या हातात, ते फार तोकडं पडतं.

व्हिसावर असलेल्यांनी इथं जरा थांबावं. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत असणाऱ्याला केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. घरी ठेवणं तर सोडाच, रेंजवर मित्राची रायफल हातात घेणंही अडचणीचं ठरू शकतं. या मनाईला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी हंटर एज्युकेशन, मग परवाना, मग दुकान. परवान्याची मुदत संपली की त्या अपवादाचा आधारही संपतो आणि रायफल कपाटात तशीच पडून राहते. नूतनीकरणाची तारीख विसरणं म्हणूनच परवडत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही. दुकानदाराकडे फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. कोलोरॅडोत ऑक्टोबर २०२३ पासून खरेदीनंतर तीन दिवस थांबावंही लागतं. हंगामाच्या आदल्या आठवड्यात खरेदीला जाऊ नये याचं हे एक कारण. दुसरं कारण पुढे सरावाच्या भागात येईल.

अंतर ठरवा, मग काडतूस

एल्क हा आपल्या सांबराच्याच कुळातला, पण अंगानं फार थोराड. मादी सुमारे २२५ किलोची. हृदय आणि फुफ्फुसं मिळून जो भाग होतो तो बाजूनं पाहिल्यावर साधारण एक फुटापेक्षा थोडा मोठा दिसतो. हे लक्ष्य लहान नाही. पण दहा हजार फूट उंचीवर, धाप लागलेली असताना, उतारावर बसून तेवढ्यावर नेम धरणं रेंजवरच्या टेबलापेक्षा फार वेगळं असतं. पहिल्या हंगामासाठी ३०० यार्ड ही वरची मर्यादा मानावी, आणि सराव सांगेल तर तीही खाली आणावी. दुकानात कोणी ८०० यार्डांच्या गप्पा मारायला लागलं तर ऐकून घ्यावं. खरेदी मात्र ३०० यार्डांचीच करावी.

त्या अंतरापर्यंत चालणारी काडतुसं ही: १९०६ चं .३०-०६ स्प्रिंगफील्ड, १९२५ चं .२७० विंचेस्टर, १९५२ चं .३०८ विंचेस्टर, ७ मिमी-०८ रेमिंग्टन, आणि मॅग्नममध्ये, म्हणजे जास्त दारूच्या, जास्त वेगाच्या काडतुसांत, १९६२ चं ७ मिमी रेमिंग्टन व १९६३ चं .३०० विंचेस्टर मॅग्नम. अलीकडची ६.५ क्रीडमूर (२००७) आणि ७ मिमी पीआरसी (२०२२) हीसुद्धा यादीत येतात. यांतलं कुठलंही, योग्य गोळी घालून योग्य जागी लागलं, तर एल्क जागच्या जागी किंवा शंभरेक पावलांत पडतो.

फरक पडतो तो खांद्याला. रायफल स्कोपसकट ८ पौंडांची धरली तर धक्क्याची ऊर्जा साधारण अशी येते: ६.५ क्रीडमूर १३ ते १४ फूट-पाउंड, .३०८ आणि .२७० प्रत्येकी १७ ते १८, .३०-०६ आणि ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम २२ ते २३, .३०० विंचेस्टर मॅग्नम ३०. तीच .३०० मॅग्नम साडेसहा पौंडांच्या हलक्या रायफलीत घातली की आकडा ३७ च्या घरात जातो. डोंगर चढायला हलकी हवी आणि ताकद जास्त हवी, असं दोन्ही एकदम मागणारा गिऱ्हाईक याच सापळ्यात अडकतो. वीसच्या वर गेलेला धक्का बहुतेक नवशिक्यांना बसायला लागतो. तो दुखतो म्हणून नव्हे, तर पुढच्या गोळीच्या वेळी शरीर आधीच आक्रसतं म्हणून. डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, चाप झटक्यानं ओढला जातो आणि गोळी खाली जाते. ही सवय एकदा लागली की घालवायला महिने जातात.

म्हणून पहिल्या रायफलीसाठी आमची शिफारस साधी आहे: .३०८, .२७० किंवा ७ मिमी-०८. अंगापिंडानं दणकट असाल आणि आधी थोडा हात बसलेला असेल तर .३०-०६. बारीक अंगाच्या माणसानं ६.५ क्रीडमूर घ्यायला हरकत नाही. फक्त गोळी निवडीनं घ्यावी आणि अंतर २५० यार्डांच्या आत ठेवावं. मॅग्नम वाईट नाहीत. वारा जास्त, मैदान मोकळं, आणि वर्षाला दोनेकशे गोळ्या झाडायची तयारी असेल तर त्यांचा उपयोग होतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: क्रेग, मीकर, गनिसन अशा कोलोरॅडोतल्या डोंगरी गावांतल्या दुकानात काडतुसं विसरून पोचलात तर .३०-०६, .३०८ आणि .२७० मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त.

गोळी: इथं काटकसर नको

एल्कच्या खांद्याचं हाड जाड असतं आणि बरगड्यांवर मांस भरपूर. हरणासाठी बनवलेली, पातळ कवचाची गोळी जवळच्या अंतरावर वेगात आदळली तर वरच्यावर फुटून तुकडे होते आणि आत पोचतच नाही. हाडावर लागली तर मोठी जखम, जनावर मात्र पळतं. एल्कसाठी गोळी दोनपैकी एका प्रकारची हवी. एक, शिसं तांब्याच्या कवचाला घट्ट चिकटवलेली किंवा मधे आडवी भिंत असलेली. नॉस्लर पार्टिशन १९४८ पासून बाजारात आहे आणि आजही उत्तम काम देते. अ‍ॅक्युबाँड आणि स्विफ्ट ए-फ्रेम याच वर्गातल्या. दुसरी, बार्न्सच्या टीएसएक्ससारखी निव्वळ तांब्याची. ती पाकळ्यांसारखी उघडते आणि जवळजवळ सगळं वजन टिकवून आरपार जाते. मांसात शिशाचे कण राहत नाहीत, आणि मागं उरलेल्या अवयवांवर येणाऱ्या गरुडांच्या पोटातही शिसं जात नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. घरी मुलं हे मांस खाणार असतील तर आमचा कौल तांब्याला.

तांब्याच्या गोळीची दोन पथ्यं. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर राहायला नळीतल्या आट्यांचा पीळ पुरेसा घट्ट हवा. एक पायरी कमी वजन घेतलं की हा प्रश्न बहुधा येत नाही: .३०८ मध्ये शिशाची १६५ ग्रेन घेणाऱ्यानं तांब्याची १५० घ्यावी. दुसरं म्हणजे तांबं उघडायला वेग लागतो. आदळताना सेकंदाला सुमारे २,००० फूट तरी वेग असावा. शिशाच्या बऱ्याच गोळ्यांना १,८०० पुरतो. काडतुसाच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात यार्डागणिक वेग दिलेला असतो. जिथं तो या आकड्याखाली जातो तिथं तुमच्या काडतुसाची हद्द संपली, मग ऊर्जेचा आकडा काहीही सांगो.

अंगाला बसणारी रायफल

अमेरिकन कारखाने दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून मागच्या टोकापर्यंतचं अंतर, साडेतेरा ते पावणेचौदा इंच ठेवतात. हे माप साधारण पावणेसहा फुटांच्या पुढच्या माणसाला ठीक बसतं. पाच फूट दोन इंचाच्या बाईला किंवा साडेपाच फुटांच्या, आखूड हातांच्या माणसाला ते लांब होतं. त्यात वर जाड जाकीट. दस्ता लांब झाला की खांद्याला लावताना काखेत अडकतो, मान पुढे ताणावी लागते आणि पुढचा हात पूर्ण सरळ होऊन थरथरतो. आखूड झाला तर धक्क्याच्या वेळी अंगठा नाकावर येतो आणि स्कोपची कड भुवईला लागते. अनेक कंपन्यांची साडेबारा इंचांच्या आसपासची "कॉम्पॅक्ट" मॉडेलं मिळतात आणि काहींत पट्ट्या घालून लांबी वाढवता येते. ही लहान मुलांची रायफल आहे असं दुकानदार म्हणाला तरी लाजू नका. माप तुमचं आहे.

पारखायची रीत अशी. शिकारीला घालणार तेच जाकीट आणि हातमोजे घेऊन दुकानात जा. रायफल रिकामी आहे हे स्वतः बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडून, बोट चेंबरमध्ये घालून पाहा. सुरक्षित दिशा विचारून घ्या. डोळे मिटा, रायफल एका हालचालीत खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. स्कोपमधलं चित्र मान न हलवता पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर ती कुठल्या बाजूला आहे ते पाहा. वर-खाली असेल तर गालाची उंची जुळत नाही. मान पुढे-मागे केल्यावर जाते तर स्कोप सरकवून भागेल. अंगठा आणि नाक यांत दोन बोटांचं अंतर राहिलं की लांबी बरोबर. हेच बसून आणि गुडघ्यावर करून पाहा, कारण डोंगरात उभं राहून गोळी झाडायची वेळ फार कमी येते.

उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असेल तर तो आधी ओळखा. दोन्ही तळहात पुढे करून मधे छोटी फट ठेवा, दूरची वस्तू त्यातून पाहा आणि एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना वस्तू फटीतच राहते तो प्रबळ. डावखुऱ्यांसाठी डाव्या बोल्टच्या रायफली टिक्का, सॅव्हेज वगैरे बनवतात. पर्याय कमी, पण आहेत.

वजन स्कोप, पट्टा आणि चार काडतुसांसह साडेसात ते साडेआठ पौंडांत बसवा. सहा पौंडांची रायफल दुकानात फार गोड वाटते. धापेनं छाती हलत असताना मात्र हलकी नळी स्थिर राहत नाही आणि धक्क्याचं गणित तर वर आलंच आहे.

बाकी भाग, थोडक्यात

बोल्ट अ‍ॅक्शन घ्या. टिक्का टी३एक्स, रुगर अमेरिकन, सॅव्हेज ११०, बर्गारा बी-१४, हावा १५००, विंचेस्टर मॉडेल ७० यांतली कुठलीही एल्कला पुरून उरेल. यांची अचूकता शिकाऱ्याच्या हातापेक्षा बहुधा जास्तच असते. मॉडेल ७० मध्ये जुन्या माउजरसारखा पंजा काडतुसाची कड पहिल्यापासून धरतो. आडव्या-तिडव्या स्थितीत बोल्ट अर्धवट मागं-पुढं झाला तरी काडतूस निसटत नाही. अस्वलांच्या मुलखात याचं मोल आहे, एल्कसाठी ही अट नाही.

नळी साध्या काडतुसांना २२ इंच, मॅग्नमला २४. इंचामागे सेकंदाला २० ते ३० फुटांचा फरक पडतो, म्हणजे २० इंची .३०८ नं काही बिघडत नाही. स्टेनलेस किंवा कोटिंगची नळी बर्फात सुख देते, तरी कोरडी पुसावी लागतेच. अक्रोडाचा दस्ता देखणा, पण ओलीनं फुगतो आणि नळीवर दाबला गेला की गोळीची जागा सरकते. डोंगराला कृत्रिम दस्ताच बरा.

मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडावरचं भोकांचं टोपण, धक्का खरोखर कमी करतो. पण आवाज बाजूला फेकतो, आणि शिकारीत कानात काही नसताना एका गोळीतही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ब्रेकशिवाय सहन होत नसेल तर काडतूस एक पायरी खाली आणा.

चाप अडीच ते साडेतीन पौंडांना सुटावा. त्याहून हलका चाप गारठलेल्या, मोजे घातलेल्या बोटाला धोक्याचा. पाच पौंडांच्या पुढचा नेम हलवतो. सुटण्याआधी चाप सरपटत असेल, खरखरत असेल तर दुसरी रायफल मागा. सेफ्टीचा खटका मोज्यासकट सरकतो का, आणि सरकताना टक् असा आवाज करतो का, तेही ऐका.

काउंटरवर दहा मिनिटं

एक डॉलरची नोट दुमडून नळी आणि दस्ता यांच्यामधून पुढून मागं सरकवा. नळी मोकळी असेल तर नोट अ‍ॅक्शनपर्यंत, म्हणजे बोल्टच्या घरापर्यंत, जाते. आता दस्त्याचा पुढचा भाग मुठीत धरून नळीकडे दाबा, पट्टा ताणून नेम धरताना पडतो तेवढा दाब, आणि पुन्हा नोट सरकवा. स्वस्त प्लास्टिकचे दस्ते इथं उघडे पडतात: नोट अडकते. याचा अर्थ टेबलावर झिरो केलेली, म्हणजे नेम आणि गोळी जुळवलेली, रायफल डोंगरात पट्टा ताणून झाडली की गोळी दुसरीकडे जाणार. एवढ्या एका परीक्षेनं पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

मग नळीचं तोंड उजेडात धरून पाहा. आट्यांच्या कडेला खरचटलेली खूण नको. बोल्ट खांद्यावरून, जोरात, चार-पाच वेळा चालवा. हळू चालवल्यावर सगळेच बोल्ट गुळगुळीत वाटतात. दुकानदाराची परवानगी असेल तर नकली काडतुसं घालून मॅगझिन पूर्ण रिकामं करून पाहा. सुटं मॅगझिन असेल तर त्याचा खटका रायफल पाठीवर असताना पाठीच्या पिशवीला घासून उघडणार नाही ना ते बघा, आणि जास्तीचं एक मॅगझिन त्याच दिवशी घ्या.

एकूण १,८०० डॉलर असतील तर आम्ही साधारण ८०० रायफलीला, ५०० स्कोप आणि माउंटला, आणि उरलेले सगळे काडतुसांना व रेंजला देऊ. १,५०० ची रायफल आणि दोन खोकी काडतुसं ही वाटणी उलटी आहे.

स्कोप बसवणं

शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. एल्क नेमके या दोन टोकांना बाहेर पडतात, म्हणून काच चांगली हवी. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पटीनं मोठेपणा म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास: ४० मिमी भिंग ६ पटीवर ६.७ मिमी देतं, ९ पटीवर ४.४. अंधारात पट कमी करायची ती याचसाठी. ३-९ पट, ४० मिमी पुरतो, २.५-१० असेल तर उत्तम. ५० मिमीच्या भिंगाला उंच रिंगा (स्कोप धरणारी कडी) लागतात आणि गाल दस्त्यावरून उचलला जातो. डोळ्याचं अंतर (डोळा आणि स्कोपचं मागचं भिंग यांतलं) साडेतीन ते चार इंच असलेला स्कोप घ्या.

बेस (रिंगा बसतात ती रायफलीवरची पट्टी) आणि रिंगांचे स्क्रू आधी अल्कोहोलनं पुसा, कारण कारखान्याचं तेल राहिलं की ते हळूहळू सैल होतात. बेसच्या स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) थेंब, आणि टॉर्क रेंचनं २० इंच-पाउंडांच्या आसपास. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८, तेही तिरप्या क्रमानं थोडं थोडं, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवून. माउंटसोबतच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. जास्त आवळला तर स्कोपची नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडकते. बेस बसवल्यावर बोल्ट अचानक जड चालायला लागला तर पुढचा स्क्रू लांब आहे आणि आत बोल्टच्या लगला (पुढच्या खुंटीला) घासतो आहे. जागा बदलून लहान स्क्रू तिथं लावा.

डोळ्याचं अंतर सर्वांत जास्त पटीवर ठरवा आणि ते उभं राहून नव्हे, तर पालथं पडून तपासा, कारण पालथं पडल्यावर डोळा पुढे सरकतो. भुवया फुटतात त्या या तपासणीअभावीच. खिडकीतून दिसेल असा ओळंबा टांगून क्रॉसहेअरची (स्कोपमधल्या नेमाच्या फुलीची) उभी रेघ त्याला जुळवा.

झिरो करणं

१. शिकारीला जी काडतुसं वापरणार तीच, एकाच लॉटची, पाच-सहा खोकी घ्या. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का पाहा. .३०० विंचेस्टर मॅग्नम, .३०० डब्ल्यूएसएम आणि .३०० पीआरसी ही तीन वेगळी काडतुसं आहेत.

२. कानात आणि डोळ्यांवर संरक्षण. वाळूची पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली ठेवा, नळीखाली कधीच नको. दुसरी पिशवी मागं.

३. २५ यार्डांवर तीन गोळ्या. पाव एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप) क्लिकचा स्कोप १०० यार्डांवर क्लिकला सुमारे पाव इंच सरकतो, म्हणून २५ यार्डांवर एक इंच सरकवायला १६ क्लिक लागतात. चारच क्लिक करून "स्कोप हलत नाही" अशी तक्रार घेऊन पुष्कळ लोक दुकानात परत येतात.

४. मग १०० यार्डांवर तीन-तीनचे गट, गटांमध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबून. हलकी नळी तापली की गोळ्या रांगेनं वर किंवा बाजूला चढतात. तो स्कोपचा दोष नव्हे. एका गोळीवरून क्लिक फिरवू नका, गटाच्या मध्यावरून फिरवा.

५. .३०८ किंवा .३०-०६ असेल तर १०० यार्डांवर गोळी नेमाच्या सुमारे २ इंच वर लागेल असं ठेवा. २०० ला गोळी बरोबर जागी येते, ३०० ला साधारण ८ ते ९ इंच खाली. हा अंदाज आहे; २०० आणि ३०० वर प्रत्यक्ष झाडून आपल्या रायफलीचे आकडे दस्त्यावर चिकटपट्टी लावून लिहा.

पाच गोळ्यांचा गट १०० यार्डांवर दीड इंचात येत असेल तर रायफल पास. तीन गोळ्यांचा अर्ध्या इंचाचा गट बऱ्याचदा नशिबाचा असतो, त्याच्या मागं धावून काडतुसं संपवू नका. गट अचानक चार इंचांवर गेला तर आधी रिंगांचे, मग बेसचे, मग अ‍ॅक्शनचे स्क्रू तपासा. रायफल खराब निघाली असं म्हणण्याची पाळी त्यानंतरच.

सराव आणि खरं अंतर

झिरो झाला की टेबल सोडा. नऊ इंचांची कागदी ताटली १०० यार्डांवर लावा. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधारानं आणि पाठीच्या पिशवीवर रायफल ठेवून, प्रत्येक पद्धतीनं पाच गोळ्या. पाचही ताटलीत आल्या तर १५० ला, मग २०० ला जा. ज्या अंतरावर पाचांतली एकही बाहेर गेली, त्याच्या आधीचं अंतर तुमचं. त्या आसनात त्यापुढे शिकारीत चाप ओढायचा नाही. वीस उड्या मारून धाप लागल्यावर हेच पुन्हा करा, आकडा बहुधा एक पायरी खाली येतो. ३०० यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा .३०८ ची गोळी सहा ते आठ इंच ढकलतो, हेही हिशेबात धरा.

शरीर आक्रसतं का हे पाहायला जोडीदाराकडून मॅगझिन भरून घ्या. खऱ्या काडतुसांत एखादं नकली मिसळलेलं. नकलीवर चाप ओढला आणि नळीनं खाली मुंडी घातली तर धक्क्याची धास्ती बसली आहे. अशा वेळी मोठी रायफल आठवडाभर बाजूला ठेवा, .२२ च्या हलक्या रायफलीवर शे-दोनशे गोळ्या झाडा, आणि परतताना एका बैठकीत दहा-पंधराच्या वर जाऊ नका. हे सगळं एका आठवड्यात होत नाही. ऑक्टोबरच्या हंगामासाठी रायफल मे-जूनपर्यंत घरात हवी ती यासाठी.

नेणं आणि थंडी

विमानानं जाताना रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, आणि चेक-इनला तोंडानं सांगून. काडतुसं मूळ खोक्यातच ठेवा, आणि वजनाची मर्यादा विमान कंपनीकडून आधी विचारा. घरी कुलूपबंद कपाट आणि काडतुसं वेगळी. तळावर पोचल्यावर परवानगी असलेल्या जागी दोन गोळ्या झाडून झिरो तपासा. सामानाच्या पट्ट्यावरून आपटत आलेल्या स्कोपवर विश्वास ठेवू नये.

नवी रायफल कारखान्यातून घट्ट ग्रीस लावून येते. शून्याखाली ते गोठतं, फायरिंग पिन मंद होते आणि चाप ओढल्यावर नुसती टक् होते. बोल्ट पुस्तिकेप्रमाणं सोडवून सॉल्व्हंटनं धुवा, कोरडा करा आणि पातळ तेलाचा अगदी हलका हात द्या. नळी साफ करून तेल लावलेली असेल तर पहिली गोळी वेगळ्या जागी जाऊ शकते. म्हणून शिकारीला निघण्याआधी नळी कोरडी पुसून दोन-तीन गोळ्या झाडून ठेवा आणि हंगाम संपेपर्यंत पुन्हा घासू नका. तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा लावला की बर्फ आत जात नाही. गोळी सुटताना तो निघून जातो आणि नेमावर परिणाम होत नाही. पडलात आणि नळीत बर्फ किंवा चिखल गेल्याची नुसती शंका आली तरी काडतूस काढा, बोल्ट काढा आणि मागून उजेड पाहा. अडकलेल्या नळीतून झाडलेली गोळी नळी फाडते. संध्याकाळी गारठलेली रायफल थेट गरम तंबूत आणली की तिच्यावर दव धरतं आणि रात्रीत तेच बोल्टमध्ये गोठतं. ती पेटीतच बंद ठेवून हळूहळू गरम होऊ द्या, किंवा रिकामी करून कुलपात, थंडीतच राहू द्या.